दहा तुकड्यांवरून मंडळाचं उत्पन्न: पीक कापणी प्रयोगातली चूक आणि भरवसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर. हे सरासरी उत्पन्न थोड्या शेतांत कापणी करून काढलेला अंदाज असतो आणि त्यात चूक असतेच. ती किती, कुठून येते आणि कोणती चूक भरून निघत नाही, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हिशोबातले किलो-क्विंटलचे आकडे समजावण्यापुरते आहेत, कोणत्या एका मंडळाचे नाहीत.

मंडळाचं उत्पन्न काढतात कसं?

मंडळातून यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठी काढावी तशी) गावं निवडतात. प्रत्येक गावात ते पीक असलेले गट क्रमांक निवडतात, सहसा दोन. त्या शेतात यादृच्छिक जागी बहुतेक पिकांसाठी १० मीटर × ५ मीटरचा तुकडा आखतात, त्यातलं पीक कापून, मळून, साफ करून वजन घेतात. तुकडा ५० चौरस मीटरचा आणि हेक्टर १०,००० चौरस मीटरचं, म्हणून तुकड्यातल्या किलोंना २०० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. ७ किलो भरले तर हेक्टरी १,४०० किलो, म्हणजे १४ क्विंटल. एकरी साधारण पावणेसहा.

हा २०० चा गुणक लक्षात ठेवावा. तुकड्यावर १०० ग्रॅम इकडेतिकडे झाले की हेक्टरी २० किलोंचा फरक पडतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळ पातळीवर एका पिकाचे किमान १० प्रयोग (एक तुकडा म्हणजे एक प्रयोग) लागतात. तालुका पातळीवर १६, आणि ग्रामपंचायत हेच विमा क्षेत्र असेल तर प्रमुख पिकांसाठी ४.

चूक म्हणजे कोणाची तरी लबाडी का?

नाही. संख्याशास्त्रात चूक म्हणजे खरा आकडा आणि हाती आलेला आकडा यांतलं अंतर. ते दोन प्रकारचं असतं. एक हेलकाव्याची चूक: आज ही दहा शेतं निवडली गेली, चिठ्ठी वेगळी निघाली असती तर दुसरी दहा आली असती आणि सरासरी थोडी वर किंवा खाली गेली असती. दुसरी एकतर्फी चूक: दोरी दरवेळी सैल बांधली, धान्य दरवेळी ओलंच मोजलं, तर प्रत्येक तुकड्यात आकडा एकाच दिशेला सरकतो.

पहिली चूक नमुना वाढवला की कमी होते. दुसरीवर नमुन्याच्या आकाराचा काही परिणाम होत नाही. चर्चा मात्र बहुतेक वेळा पहिलीचीच होते, कारण तिचं सूत्र तयार आहे.

दहा प्रयोग पुरतात का?

हिशोब करून पाहू. पाच गावांत दोन-दोन तुकडे, वजनं किलोत:

पहिलं गाव ३.२ आणि ४.६, दुसरं ५.१ आणि ६.३, तिसरं ५.५ आणि ६.०; चौथं ६.८ आणि ८.१, पाचवं ७.४ आणि ९.०.

सरासरी ६.२ किलो, म्हणजे हेक्टरी १,२४० किलो. दहाही तुकडे सुटे धरले तर त्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत, त्याचं माप) १.७२ किलो येतं. त्याला १० च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी (हेलकाव्यामुळे सरासरी साधारण किती चुकू शकते, ते माप) ०.५४ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे १०९ किलो. पुष्कळ अहवालांत हिशोब इथेच थांबतो आणि इथेच तो चुकतो.

एकाच गावातली दोन शेतं एकमेकांसारखी असतात. पाऊस तोच, जमीन बरीचशी तीच, पेरणीही त्याच आठवड्यातली. दुसरा तुकडा नवी माहिती कमी देतो. योग्य रीत अशी: आधी गावांच्या सरासऱ्या काढा (३.९, ५.७, ५.७५, ७.४५, ८.२), त्या पाचांचं प्रमाण विचलन घ्या (१.६८) आणि ५ च्या वर्गमुळाने भागा. प्रमाण त्रुटी ०.७५ किलो, म्हणजे हेक्टरी १५० किलो. नमुना तोच, तुकडे तेच. चूक १०९ वरून १५० वर गेली.

पाचच गावं असल्यामुळे ९५ टक्के भरवशाच्या पट्ट्यासाठी (खरा आकडा ज्यात असण्याचा एवढा भरवसा धरता येतो, त्या मर्यादांसाठी) प्रमाण त्रुटीला २ ऐवजी २.७८ ने गुणावं लागतं. पट्टा येतो साधारण ८२० ते १,६६० किलो. कागदावर मात्र ‘१,२४०’ हा एकच आकडा छापला जातो.

तेव्हा दहा प्रयोग मंडळासाठी कामचलाऊ आहेत, बारीक फरक ओळखायला अपुरे. वाढवायचेच असतील तर गावं वाढवा. त्याच गावात तिसरा-चौथा तुकडा घेऊन कष्टाच्या मानाने फायदा कमी होतो.

मग जिल्ह्याचा आकडा तरी पक्का असतो ना?

हेलकाव्याच्या बाबतीत बराच. अशा ४० मंडळांची सरासरी घेतली तर १५० ला ४० च्या वर्गमुळाने भागायचं: उरते सुमारे २४ किलोंची चूक. पण आखणीतल्या सवयीमुळे प्रत्येक तुकड्यात ३ टक्के जास्त पीक येत असेल, तर तो १,२४० वर ३७ किलोंचा फुगवटा मंडळातही तेवढाच आणि जिल्ह्यातही तेवढाच. मंडळ पातळीवर तो हेलकाव्यात लपतो, जिल्हा पातळीवर हेलकाव्यापेक्षा मोठा होतो. वर जावं तसा आकडा स्थिर दिसू लागतो, आणि स्थिर आकडा बरोबर असल्यासारखा वाटतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

तुकडा आखताना नेमकं काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

जागा ठरवण्यासाठी शेताचा एक कोपरा (पद्धतीप्रमाणे नैर्ऋत्य) धरून लांबी-रुंदी पावलांनी मोजतात, तुकड्याची लांबी-रुंदी त्यातून वजा करतात आणि उरलेल्या मर्यादेत यादृच्छिक आकड्यांची जोडी घेतात. तेवढी पावलं चालून जिथे पोचू, तो तुकड्याचा पहिला कोपरा. इथे ‘जरा बरं पीक दिसतंय तिकडे घ्या’ किंवा ‘हे खराब आहे, तिकडे घ्या’ म्हणून चार पावलं सरकलं की यादृच्छिकता संपली. सरकवण्याचा हेतू चांगला असला तरीही.

मग काटकोन. चारही बाजू १०, ५, १०, ५ बरोबर असूनही तुकडा तिरका होऊ शकतो आणि तिरक्या तुकड्याचं क्षेत्र कमी भरतं. म्हणून कर्ण मोजायचा: तो ११.१८ मीटर यायला हवा, दोन्ही बाजूंनी. कर्ण न मोजलेली आखणी धरू नये.

दोरी ताणलेली आणि जमिनीलगत हवी. पिकाच्या डोक्यावरून टाकलेली दोरी बाहेर झुकते. चारही बाजूंनी फक्त ५ सेंटिमीटर बाहेर गेली तर तुकडा १०.१ × ५.१ होतो, म्हणजे ५१.५ चौरस मीटर, ३ टक्के जास्त. सीमेवरच्या झाडाचा निर्णय मुळावरून करायचा: मूळ आत तर झाड आत, फांदी कुठेही असो. हाताला सवय असते ती संशयातलं झाड आत घेण्याची.

आणि ओळींची गंमत. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरलेलं असेल आणि ५ मीटरची बाजू ओळींना आडवी येत असेल, तर त्या रुंदीत सरासरी ११.१ ओळी बसतात. जागा खरोखर यादृच्छिक असेल तर बहुतेक वेळा ११ आणि क्वचित १२. पण खुंटी ओळीलगत ठोकणं सोयीचं पडतं. पहिली ओळ कडेवर धरली की बारावी ओळ ४.९५ मीटरवर येते, म्हणजे आतच. दरवेळी १२ ओळी, ८ टक्के जास्त उत्पन्न. यात कुणी काहीही खोटं लिहिलेलं नसतं.

तुकडा लहान घेतला तर काम हलकं होईल. का घेत नाहीत?

हा वाद जुना आहे आणि त्यातली एक बाजू आपल्या साताऱ्याकडची. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने बंगालमध्ये लहान, गोल कापण्या वापरल्या; खर्च कमी, म्हणून जास्त ठिकाणी घेता येतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे तेव्हा भारतीय कृषी संशोधन परिषदेत होते. लहान तुकडे उत्पन्न फुगवून दाखवतात, हे त्यांनी १९४६-४७ च्या सुमारास प्रयोगांच्या आधारे मांडलं.

कारण भूमितीतलं आहे: तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त. वरचीच ५ सेंटिमीटरची चूक ४ फूट त्रिज्येच्या वर्तुळात ८.४ टक्के होते, २ फूट त्रिज्येत १७ टक्के. महालनोबिसांचं म्हणणं होतं की प्रशिक्षित माणसं असतील तर लहान कापणीही नीट होते, आणि ते खोटं नव्हतं. पण हजारो प्रयोग इतर कामांचा बोजा असलेल्या कर्मचाऱ्यांकडून करून घ्यायचे असतील, तर सुखात्म्यांचा मोठा तुकडाच बरा.

महालनोबिसांची दुसरी कल्पना मात्र आज जास्त वापरायला हवी: एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र उपनमुने, दोन वेगळ्या पथकांकडून. दोन्ही आकड्यांतला फरक यादृच्छिक हेलकाव्याहून मोठा आला, तर तो पथकांच्या पद्धतीतला फरक आहे. एरवी ही चूक दिसायला दुसरा मार्ग जवळपास नाही.

ओलं धान्य मोजल्याने किती फरक पडतो?

सोयाबीनसाठी १२ टक्के ओलावा हा नेहमीचा निकष. पावसात काढलेल्या मालात १८ टक्के असेल तर वजनाला (१०० − १८) ÷ (१०० − १२), म्हणजे ०.९३२ ने गुणावं लागतं. १,४०० चे १,३०५ होतात. वाळवणीचा घटक काढायला काही प्रयोगांतला थोडा माल वाळवून पुन्हा मोजतात आणि तोच घटक बाकीच्या प्रयोगांना लावतात. परतीच्या पावसाच्या आधी आणि नंतर काढलेल्या तुकड्यांना एकच घटक लावला, तर तो दोन्हीकडे चुकतो. ओलावामापक यंत्राचं वाचन प्रत्येक तुकड्याला घेणं एवढाच खरा उपाय.

शिवाय तुकड्यातलं पीक हाताने, जपून मळलं जातं. शेतकऱ्याच्या मळणीत शेंगा फुटतात, दाणे सांडतात, यंत्रातून काही भुशात जातात. म्हणून प्रयोगाचा आकडा घरी आलेल्या मालापेक्षा सहसा जास्त दिसतो.

निवडलेल्या शेतातलं पीक आधीच काढलं गेलं असेल तर?

पर्यायी शेत घेतात, आणि इथे नकळत निवड होते. उभं राहिलेलं शेत बहुधा उशिरा पेरलेलं किंवा वेगळ्या वाणाचं असतं. ते मंडळाचं प्रतिनिधी नाही. किती प्रयोग पर्यायी शेतात झाले हा आकडा निकालासोबत असायला हवा. दहापैकी तीन-चार बदललेले असतील तर प्रमाण त्रुटीचा हिशोब नावापुरताच राहतो.

कापूस आणि तुरीचं काय?

कापसाच्या वेचण्या अनेक होतात. पहिल्या दोन नीट मोजल्या आणि शेवटची सुटली की उत्पन्न कमी दिसतं. तुकड्याच्या खुंट्या हंगामभर जागेवर राहणं हीच मोठी अडचण. सोयाबीन-तूर आंतरपिकात क्षेत्र ओळींच्या प्रमाणात वाटून दोन्ही पिकांचे आकडे काढावे लागतात. ते प्रमाण प्रत्यक्ष ओळी मोजून घ्यावं.

मापनाच्या चुकीने भरपाईवर काय परिणाम होतो?

उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर (त्या सरासरीच्या जितक्या टक्क्यांची विम्यात हमी असते, तो आकडा). सरासरी १,५०० आणि जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा १,०५०. यंदाचं उत्पन्न त्याखाली गेलं तर तूट भागिले उंबरठा, गुणिले विमा संरक्षित रक्कम.

हे सूत्र एका बाजूनेच चालतं. मंडळाचं खरं उत्पन्न बरोबर १,०५० आहे असं समजा. खरी तूट शून्य. पण १५० किलोंच्या हेलकाव्यामुळे निम्म्या वेळा आकडा खाली येणार आणि भरपाई मिळणार. निम्म्या वेळा वर जाणार, पण तेव्हा कोणी पैसे परत देत नाही. सरासरी काढली तर विमा रकमेच्या सुमारे ५.७ टक्के भरपाई निव्वळ मापनाच्या गोंधळातून निघते. उलटही खरं: खरोखर तूट असलेल्या काही मंडळांत आकडा योगायोगाने वर राहतो आणि काहीच मिळत नाही.

उंबरठ्यातही चूक साठलेली असते. सातही वर्षं खरं उत्पन्न सारखंच होतं असं मानलं तरी नुसत्या हेलकाव्यातून चांगली पाच निवडली की सरासरी ०.४२ गुणिले १५०, म्हणजे ६३ किलोंनी वर जाते. उंबरठा ४४ किलोंनी. हा कल शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, तुकडा फुगवण्याचा कल विरुद्ध. सात वर्षं तुकडा सारखाच फुगत आला असेल तर तो उंबरठ्यातही आणि यंदाच्या आकड्यातही असल्याने कापला जातो. मध्येच पद्धत सुधारली, की सुधारणेच्या वर्षी उत्पन्न ‘घटलेलं’ दिसतं.

माझ्या शेतात पीक गेलं. मंडळाची सरासरी चांगली कशी?

दोन्ही खरं असू शकतं. वरच्या उदाहरणात तुकडे ३.२ पासून ९.० किलोंपर्यंत आहेत. सरासरी अचूक काढली तरी ३.२ वाल्याला तिचा उपयोग नाही. ही मापनाची चूक नसून क्षेत्रावर आधारित विम्यातच असलेली तफावत आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी १९७० च्या दशकात क्षेत्राधारित विम्याचा आग्रह धरला तो जाणूनबुजून: शेतागणिक पंचनामे अशक्य, आणि भरपाई स्वतःच्या शेतावर अवलंबून नसली की पिकाकडे दुर्लक्ष करण्यात फायदा उरत नाही. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना याच तत्त्वावर आली. तक्रार लिहिताना हे वेगळं ठेवा: ‘माझं शेत वेगळं आहे’ हा मुद्दा प्रयोगाच्या आकड्याला आव्हान देत नाही, ‘कर्ण मोजला नाही’ हा देतो.

मंडळांचा क्रम लावणं कितपत योग्य?

आधी विश्वासार्हता काढा, म्हणजे मंडळांच्या आकड्यांतल्या फरकापैकी खरा फरक किती, ते प्रमाण. जिल्ह्यातल्या मंडळांच्या आकड्यांचं प्रमाण विचलन २४० किलो असेल तर विचरण (त्याचा वर्ग) ५७,६००. त्यातला चुकीचा वाटा १५० चा वर्ग, २२,५००. उरले ३५,१००, हा मंडळांमधला खरा फरक. ३५,१०० ÷ ५७,६०० = ०.६१.

०.६१ विश्वासार्हतेवर पहिला-दुसरा-तिसरा लावणं धाडसाचं आहे. जिल्हा सरासरी १,१०० असताना १,२४० आलेल्या मंडळाचा जास्त चांगला अंदाज १,१०० + ०.६१ × १४० = १,१८५ हा आहे. गावं पाचाऐवजी दहा केली तर विश्वासार्हता ०.७६ होते. यंदा तळाशी असलेली मंडळं पुढच्या वर्षी आपोआप थोडी वर येतात. त्याचं श्रेय एखाद्या मोहिमेला देण्याची घाई करू नये.

पाऊस आणि उत्पन्न यांचा सहसंबंध पाहणाऱ्यांसाठी: ०.६१ विश्वासार्हतेमुळे खरा ०.७ चा संबंध ०.५५ च्या आसपास दिसतो, पावसाचा आकडा अचूक धरूनही.

गेल्या वर्षीपेक्षा वाढ झाली, हे कधी म्हणावं?

दोन वर्षांच्या फरकाची प्रमाण त्रुटी १५० गुणिले १.४१, म्हणजे २१२ किलो. फरक ४०० किलोंच्या वर गेला तरच एका मंडळाबद्दल काही बोलावं.

नोंदी पाहून गडबड ओळखता येते का?

बऱ्यापैकी. तालुक्यातल्या २०० प्रयोगांच्या वजनांचा दशांश अंक पाहा. शून्य आणि पाच मिळून २० टक्के यायला हवेत. योगायोगाने २६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. ४५ टक्के असतील तर वजन काट्यावर नव्हे, अंदाजाने लिहिलं आहे. गावातल्या दोन तुकड्यांचे आकडे वारंवार जवळजवळ सारखे येणं हीसुद्धा खूण. खऱ्या शेतात एवढं साम्य नसतं. तिसरी तपासणी: पर्यवेक्षक हजर असलेले आणि नसलेले प्रयोग वेगळे करून सरासऱ्या ताडून पाहा. मोबाइल ॲपमधलं स्थान आणि छायाचित्र पथक शेतात गेलं होतं एवढं सांगतं. फोनचा जीपीएस काही मीटर चुकतो, त्यामुळे १० × ५ चा तुकडा बरोबर आखला का, हे त्यावरून कळत नाही.

उपग्रहाने मोजलं की हे सगळं टळेल का?

उपग्रह उत्पन्न तोलत नाही. पिकाचा हिरवेपणा आणि वाढ पाहून प्रतिमान (संगणकातलं गणिती मॉडेल) उत्पन्नाचा अंदाज करतं, आणि ते प्रतिमान जुळवलं जातं पीक कापणीच्याच आकड्यांशी. तुकड्यांत ८ टक्के फुगवटा असेल तर प्रतिमान तोच शिकतं. हेलकावा मात्र खरंच कमी होऊ शकतो, कारण सगळी शेतं दिसतात.

पैसेवारी आणि हे उत्पन्न एकच का?

नाही. पैसेवारी म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदाचं पीक किती, हे पैशांत सांगणारा महसूल खात्याचा अंदाज. ५० पैशांच्या आतबाहेरची ही पैसेवारी गावनिहाय असते आणि सुरुवातीची नजरअंदाजाने लावली जाते. तिच्यावरून विम्याच्या आकड्याबद्दल वाद घालू नये.

प्रयोगाच्या दिवशी हजर असल्यास काय पाहावं?

गट क्रमांक यादीतलाच आहे का, नसल्यास बदलाचं कारण लिहिलं का. यादृच्छिक आकडे लांबी-रुंदी मोजल्यावर, तुकड्याच्या जागेकडे चालू लागण्याआधी ठरले होते का. दोन्ही कर्ण ११.१८ मीटर आले का. दोरी जमिनीलगत आहे का. काटा रिकाम्या पोत्यासह शून्यावर आणला का, नाहीतर पोत्याचं वजन हेक्टरी २०० पटीने आकड्यात जातं. ओलावा मोजून लिहिला का. वजन ग्रॅमपर्यंत लिहिलं का. आणि सही करण्याआधी नोंदीच्या फॉर्ममधला एकही रकाना कोरा नाही, हे बघा. नंतर भरलेल्या रकान्याला आव्हान देणं फार अवघड जातं.